रविवारी दुपारच्या आत

“बाई, हे वाचा आणि मला सांगा, हिला काय उत्तर देऊ,” म्हणत रेवतीनं तिचा फोन माझ्यापुढे धरला.

शनिवारची दुपार होती. सकाळची शाळा सुटली की गल्लीतली पोरं जेवून माझ्या ओट्यावर यायची. मला निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण दुपारी समोर चार मुलं नसली की मला करमत नसे. त्या दिवशी मी त्यांना अर्धी गोष्ट सांगून सोडून दिली होती. म्हातारीची शेळी पाण्याच्या टाकीवर चढून बसली, इथपर्यंत माझी. ती खाली कशी येणार, हे त्यांनी सांगायचं. शाळेत होते तेव्हापासूनचा माझा हा खेळ. त्यावरून ओट्यावर जुंपली होती.

“हेलिकॉप्टरनं उतरवायची!”

“येड्या, म्हातारीकडं हेलिकॉप्टर कुठनं आलं?”

“आमदाराकडनं मागून आणायचं.”

मी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं : ‘रविवारी दुपारच्या आत इंदू घरी आली पाहिजे. नाटकं बंद करा. उशिरा टाकलंत तर काही उपयोग नाही. आम्ही काय रिकामटेकडे बसलोय का?’ वर नाव होतं नूतन गुरव. नावाशेजारी रांगोळीचं चित्र.

“ही इंदू कोण?” मी विचारलं.

“बाई! मागं एवढं सांगितलं होतं की तुम्हाला.”

“परत सांग. म्हातारीला दोनदा सांगावं लागतं.”

रेवती माझ्या शेजारी पायरीवर बसली. शिरतोड्यांची रेवती. दुसरीपासून चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आणि अर्ध्या गोष्टीच्या खेळात तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. आता ती स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांचे दाखले आणि आधारकार्डं उलटीसुलटी करायची, संध्याकाळी घरी जाऊन भावाच्या संसारात चपात्या लाटायच्या. त्या घरात तिचं स्वतःचं असं काही फारसं नव्हतं. कपाटातला एक कप्पा, आणि फोनमधली ही गोष्ट.

“‘कौलावरचं ऊन’ मालिका लागायची ना, बाई? त्यात मोठ्या घरात कामाला एक मुलगी होती, इंदू. आई-बाप नाहीत, धाकटा भाऊ बाबू. एका भागात इंदूला पुण्याला कामाला पाठवली. बाबू दारात उभा राहून बघत होता. आणि मग संपलंच! मालिका पुढं दोन वर्षं चालली, सगळ्यांची लग्नं झाली, घटस्फोट झाले, पण इंदूचं नाव नाही. बाबूचं पण नाही. त्या पोराला दारात उभं केलं ते केलंच. कुणी त्याला आत ये म्हणून सुद्धा म्हटलं नाही.”

“म्हणून तू लिहायला घेतलंस.”

“हो. माणसं त्यांची, पुढची गोष्ट माझी. खूप जणी लिहितात असं, गोष्टींच्या एका ॲपवर. कुणी पैसे देत नाही, कुणी मागत नाही. दर रविवारी एक भाग.”

“आणि लोक वाचतात?”

“वाचतात म्हणजे! मलाच खरं वाटत नाही.” ती हसली. मग हसू गेलं. “पण कसं बोलतात ते बघा ना.”

तिनं बोटानं एकेक वर सरकवत दाखवलं. कुणी लिहिलं होतं, ‘एवढासा भाग? चहा पण गार झाला नाही तोवर संपला.’ कुणी, ‘इंदूचं डॉक्टरशी लग्न लावा, नाहीतर आम्ही वाचणं सोडतो.’ एका बाईनं लिहिलं होतं, ‘आम्ही वाचतो म्हणून तुम्ही लेखिका आहात, विसरू नका.’ आणि कुणी रणवीर पाटील होते, त्यांनी तर कमालच केली होती : ‘जमत नसेल तर तुमचा पासवर्ड द्या, आम्ही पूर्ण करतो.’

मला हसू आवरलं नाही.

“हसा तुम्ही. ह्यांच्यापायी मी मागं एका आठवड्यात आजारी असून भाग लिहिला. अंगात ताप होता.”

पाटलांच्या त्या ओळीखाली रेवतीचं लांबलचक उत्तर होतं. माफ करा, घरी अडचण होती, उद्याच्या उद्या टाकते, रागावू नका.

“ह्या बाबाला एवढं उत्तर दिलंस?”

“द्यावं लागतं. नाहीतर रोज येऊन बोंबलतो आणि बाकीचे त्याच्या मागं लागतात.”

“आणि चांगलं बोलणारे?”

“त्यांना काय उत्तर द्यायचं, बाई? वाचते, बरं वाटतं, पुढं जाते. एवढा वेळ कुठाय?”

ओट्यावर शेळी आता शिडीवरून उतरत होती आणि शिडी कुणाच्या घरातून आणायची यावर मारामारी चालली होती. मी एकाचा कान धरला, दुसरीला पाणी आणायला पिटाळलं आणि पुन्हा ती नूतन गुरव वाचली.

“रविवारी दुपारच्या आत. म्हणजे उद्याच. असं का म्हणत असेल गं ही?”

“माज! दुसरं काय? इंदू कधी घरी येणार ते ही ठरवणार. आणि दुपारच्या आत! मी काय हिच्या घरची कामवाली आहे?”

“तू विचारलंस का तिला?”

“काय विचारू?”

“हेच. दुपारच्या आत का म्हणून.”

रेवती म्हणाली, “बाई, ही तुमची शाळा नाहीये. इथं कुणी आरडाओरडा केला तर त्याला जवळ घेऊन, काय झालं बाळा, म्हणून विचारत नाहीत.”

“बरं. पण इंदू येणार आहे ना घरी?”

तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. “येणार आहे. लिहून तयार आहे. काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा लिहिला. बाई, मला स्वतःला रडू आलं लिहिताना.”

“वाच की मग.”

“अंहं. उद्या वाचा, सगळ्यांबरोबर.”

तो भाग मी वाचला नाही. आज इतकी वर्षं झाली, तो कुणीच वाचलेला नाही.

कारण आम्ही तिथं बसलेलो असतानाच तिच्या हातातला फोन पुन्हा वाजला. नूतन गुरव. रेवतीनं मोठ्यानं वाचलं. “‘उत्तर द्यायची पण अक्कल नाही का? उद्या दुपारपर्यंत इंदूला आणा, नाहीतर रिपोर्ट मारून तुमची गोष्ट बंद करून टाकीन.’”

घरी भावजय येता-जाता म्हणायची, मोबाइलवर बोटं घासून कुणाचं पोट भरतं का. आई म्हणायची, लग्नाचं वय चाललंय आणि पोरगी लोकांच्या मालिका पुऱ्या करत बसलीय. ते सगळं ती ऐकून घ्यायची. पण गोष्ट बंद करून टाकीन, हे तिला ऐकवेना. तिच्या मानेवरची शीर ताठ झाली.

“उद्या दुपारच्या आत पाहिजे ना हिला? देते.”

“रेवती, रागात काही लिहू नकोस. लिहिलंस तर टाकू नकोस. चार दिवस जाऊ दे, मग वाच.”

“चार दिवस कुठले, बाई? रविवारी दुपारच्या आत पाहिजे त्यांना!”

ती तडक उठून गेली. पोरांनी विचारलं, “बाई, रेवतीताई का रडत गेली?” मी म्हटलं, तुमची शेळी अजून टाकीवरच आहे, तिचं बघा.

रविवारी सकाळी देवपूजा उरकून मी तिची गोष्ट उघडली. तिनंच ती माझ्या फोनमध्ये घालून दिली होती. नवा भाग आलेला होता. फार छोटा होता. इंदू पुण्याहून निघते, फाट्यावर एसटीतून उतरते, हातात बाबूसाठी घेतलेला शर्ट असतो, आणि रस्ता ओलांडताना मागून ट्रक येतो. संपलं. शेवटी एक ओळ वेगळी सोडून लिहिली होती : ‘नूतन गुरव, रविवारी दुपारच्या आत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. समाप्त.’

मी चप्पल पायात घालून तिच्या घरी गेले. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“झालं. सुटले मी.”

“तयार होता तो भाग कुठाय?”

“त्याच्यावरच हे लिहिलं. तो पुसला.”

“बरं वाटलं?”

तिनं ओला टॉवेल झटकला. पिळून पिळून त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी ती पुन्हा पिळायला लागली. “वाटेल, बाई. संध्याकाळपर्यंत वाटेल.”

संध्याकाळपर्यंत तिथं आग लागली होती. एवढे दिवस वाट पाहून हेच का, फसवलंत, तुमच्यात माणुसकी आहे का, पुन्हा लिहा, शेवट बदला. बाबूचं काय झालं ते तरी सांगा, म्हणून काही जण हटून बसले होते. रणवीर पाटलांनी तर तिच्या आईवडिलांपर्यंत मजल मारली. रेवती सोमवारी आली, मंगळवारी आली. पायरीवर बसून तेच ते वाचायची. ती कुणाला शोधतेय ते मला कळत होतं.

“ती नूतन गुरव काहीच बोलली नाही,” ती म्हणाली. “एक शब्द नाही. एवढी रिपोर्ट मारणार होती.”

“तू वाट बघतेस तिची?”

“मला बघायचं होतं तिला कसं लागतं ते.”



पुढच्या आठवड्यात एक दिवस ती दुकानातून मधेच निघून माझ्याकडे आली. मी मुलांना पाढे म्हणायला बसवलं होतं. ती आत आली आणि उभीच राहिली. “बाई, तिचं आलं.”

“काय म्हणते?”

तिनं फोन दिला. मी वाचलं : ‘ताईंना कुणी काही बोलू नका. मी त्यांना जास्त बोलले म्हणून त्यांनी इंदूला मारलं. माझी चूक आहे. त्यांची नाही. मी परत असं करणार नाही. सॉरी.’

मी पुन्हा वाचलं.

“रेवती, ही बाई नाही गं.”

“म्हणजे?”

“हे लेकरू आहे.”

“काहीतरीच काय! नाव बघा ना. मुद्दाम नाटक करत असेल आता, सगळे तिला बोलतील म्हणून.”

“तुला एवढ्या जणांनी शिव्या दिल्या. त्यातला एक तरी म्हणाला का, मी परत असं करणार नाही? मोठी माणसं असं म्हणत नाहीत. वर्गाबाहेर उभं केलेलं मूल म्हणतं. माझ्यापुढं येऊन किती जण म्हणालेत, मी सांगते तुला.”

रेवती खाली बसली. मुलांचे पाढे चालूच होते. मग तिनं तिथंच टाइप केलं, तू कोण आहेस, कुठं राहतेस. लगेच उत्तर आलं. ‘मी ईश्वरी. पाचवीत आहे. लोणंदला राहते. हा आईचा फोन आहे. तुम्ही घरी सांगणार का?’

रेवतीनं लिहिलं, नाही सांगणार. मला फोन करशील का? आणि आपला नंबर दिला.

फोन आला तो मोठ्या बाईचा. “हॅलो, ती गोष्टवाली ताई का? मी ईश्वरीची मावशी बोलतीय. पोरगी म्हणाली, तुम्ही फोन करायला सांगितलं. तुमचं लई ऐकलंय हो. आमच्या नूतनला तुमच्या गोष्टीचं लई वेड. शेवटपर्यंत ऐकत होती बघा. पोरगी वाचून दाखवायची आणि ही ऐकायची.”

रेवतीनं स्पीकरवर टाकलेला फोन माझ्याकडे सरकवला. मी तिच्या हातातून फोन घेतला. “मी रेवतीच्या शाळेतली बाई बोलते. शेवटपर्यंत म्हणजे?”

“गेली ना हो नूतन. पुण्याला दवाखान्यात. ऑपरेशन झालं आणि शुद्धीवरच आली नाही.”

मी विचारलं, आम्ही येऊन गेलो तर चालेल का. मावशी म्हणाली, या की. पोरीला कुणाशी बोलावं वाटतंय, हे बघूनच मला बरं वाटलं. घरात कुणाशी बोलत नाही ती.

फलटणहून लोणंदला जाताना रेवतीनं एकदाच तोंड उघडलं. “मी तिचं नाव घालून लिहिलं, बाई. नाव घालून. रविवारी दुपारच्या आत.”

“हो.”

“तिनं ते आईला वाचून दाखवलं असेल.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. कांद्याची पोती भरलेले ट्रक आमच्या एसटीला घासून जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी ती डोळे मिटत होती.

गुरवांचं घर बाजारापासून आत होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नूतनचा फोटो, हार घातलेला, समोर समई. फोटोतली बाई रेवतीपेक्षा फार मोठी नव्हती. ईश्वरीचे वडील आम्हाला नमस्कार करून बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी चहा ठेवायला आत गेली. ईश्वरी दारातच उभी होती. बारीक, दोन वेण्या, त्यातली एक वाकडी. मावशीला वेणी घालायची सवय नसावी.

“ये गं, इथं बस,” मी म्हटलं. “मी आजी आहे. आणि ही तुझी गोष्टवाली ताई.”

ती आली आणि रेवतीपासून जरा लांब बसली. मांडीखाली हात दाबून धरले.

“ताई, मावशीला नाही ना सांगितलं? मी घाण बोलले ते?”

“नाही.”

“आईला पण माहीत नव्हतं. आईला कळलं असतं तर तिनं मारलं असतं मला. आमच्यात मोठ्यांना असं बोलत नाहीत.”

रेवतीनं विचारलं, “मग कशाला बोललीस गं? तू मला सरळ विचारायचंस.”

“विचारलं होतं.”

“कधी?”

“आधी. दोनदा. प्लीज पण लिहिलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत.” ती तक्रार करत नव्हती, झालं ते सांगत होती. “मग मी सगळ्यांचं वाचलं. जे नीट विचारतात त्यांना तुम्ही उत्तर देत नाही. ते रणवीर पाटील ओरडले, तर लगेच सॉरी म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी भाग दिलात. मला वाटलं, तिथं तसंच विचारायचं असतं. मग मी बाकीच्यांचं बघून बघून तसं लिहिलं. मोठ्यांसारखं. रिपोर्ट मारणं म्हणजे काय ते पण मला माहीत नाही.”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. रेवतीला पदर असता तर तिनं तो तोंडावर घेतला असता. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं.

मीच विचारलं, “रविवारी दुपारच्या आत का हवं होतं तुला, बाळा?”

“सोमवारी आईचं डोक्याचं ऑपरेशन होतं. रविवारी चारला मला दवाखान्यातनं घरी पाठवणार होते. नंतर आई कशी असेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर पप्पांना बोलले. मला ऐकू आलं. ओळखेल, नाही ओळखणार. आईला नीट दिसत नव्हतं, सगळं डबल दिसायचं, म्हणून मी वाचायचे. ती म्हणाली, इंदू घरी आली का तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं गं ईशू. म्हणून.”

“मग तो भाग आला,” रेवती म्हणाली.

“हो.”

“आणि तू वाचलास.”

“मनातल्या मनात. मी आधी मनात वाचते, मग मोठ्यानं. म्हणजे अडखळायला होत नाही.” ईश्वरी फरशीकडे बघत बोलत होती. “ट्रक आला तेव्हा मी थांबले. आई म्हणाली, काय झालं, थांबलीस का? मी म्हटलं, नेट गेलंय. मग आई डोळे मिटून पडून राहिली. म्हणाली, येईल नेट. वाट बघू.”

“मग?”

“मग मी म्हटलं, आलं नेट. आणि वाचलं.”

“काय वाचलंस?” रेवतीनं विचारलं.

ईश्वरीनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोललेलं सांगू का, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

“इंदू एसटीनं येते. संध्याकाळ होते. तर बाबू दारात नसतोच. इंदूला वाटतं, कुठं गेला? ती घाबरते. मग ती खिडकीतनं बघते तर बाबू आत कणीक मळत असतो. त्याला येत नाही. सगळं पीठ हाताला चिकटलेलं, नाकाला पण. पाणी जास्त झालेलं असतं. मग इंदू आत जाते आणि म्हणते, सरक तिकडं.”

ती थांबली.

“मग?” मी म्हटलं.

“एवढंच सुचलं. मग इंदू चपात्या करते आणि ते जेवतात. आईला कळू नये म्हणून मी मधे मधे फोन वर सरकवत होते.”

“आई काय म्हणाली?”

“आई हसली. दुखत होतं तिला, तरी हसली. म्हणाली, अशीच म्हणणार इंदू, सरक तिकडं. दोन-तीनदा म्हणाली ती. सरक तिकडं.”

मावशी चहा घेऊन आली. तिनं आम्हा तिघींकडे बघितलं, कप खाली ठेवले आणि परत आत गेली. चहावर साय धरेपर्यंत कुणी हात लावला नाही.

रेवती सरकत सरकत ईश्वरीच्या पुढ्यात जाऊन बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची असेल, किंवा मी पुन्हा लिहिते, तुला हवं तसं लिहिते, असं म्हणायचं असेल. तोंड उघडलं, पण त्याआधी ईश्वरीच म्हणाली, “ताई, तुम्हाला अजून एक सांगायचं राहिलं.”

“काय?”

“आईनं मला तुम्हाला कळवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, ताईंना लिही, आजचा भाग सगळ्यात छान झाला, आई खूप खूश झाली असं लिही. मी हो म्हणाले. पण लिहिलं नाही.”

“का गं?”

ईश्वरीनं मांडीखालचे हात काढून मांडीवर घेतले. “तो तुमचा नव्हता ना.”

परत येताना एसटीत रेवती खिडकीपाशी बसली. फोन तिच्या मांडीवर थरथरत होता. नवे नवे वाचक येऊन सांगत होते, शेवट बदला, दुसरा भाग काढा, एवढ्या दिवसांत एक ओळ लिहायला होत नाही का. ती ते वाचत नव्हती. बोटानं मागे मागे जात होती, त्या शिव्यांच्या मागे, पाटलांच्या मागे, केव्हाच्या केव्हा मागे. आदर्कीच्या फाट्याजवळ बोट थांबलं. तिनं फोन माझ्याकडे केला.

रांगोळीचं चित्र. ‘ताई, इंदू घरी येणार आहे ना? प्लीज एवढंच सांगा.’

त्याच्या खाली उत्तर लिहायची मोकळी चौकट होती.

“काय लिहू, बाई?”

चौथीपर्यंत तिनं मला असं किती वेळा विचारलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी तिला, तूच विचार कर, असं म्हटलं होतं. या वेळी मला तेही म्हणवेना. मी फोन तिच्या हातात परत दिला.

ती बघत बसली. जरा वेळानं पडद्यावरचा उजेड आपोआप मालवला. तिनं बोट लावून तो परत आणला. पुन्हा मालवला, पुन्हा आणला. फलटणच्या स्टँडवर कंडक्टर, “उतरा, उतरा” म्हणून ओरडला, तेव्हाही ती तेच करत होती.